पंख्याच्या वेगाचे नियंत्रण : नैसर्गिक वायूच्या संपीडनातील हवाशीतकांचा एक दुर्लक्षित इतिहास

सारांश

नैसर्गिक वायू दूरवर वाहून नेण्यासाठी तो दाबावा लागतो आणि दाबला की तो तापतो. हा तापलेला वायू थंड करणाऱ्या हवाशीतकांतील पंख्याचा वेग कसा नियंत्रित करण्यात आला, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. पंख्याचा वेग थोडा कमी केला तरी शक्तीची मोठी बचत होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्ञात होते. तरीही वेग नियंत्रित करण्याची प्रथा रूढ होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. हा विलंब ज्ञानाच्या अभावामुळे झाला नाही. तो साधनांच्या मर्यादेमुळे आणि इंधनाच्या किमतीमुळे झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नैसर्गिक वायू, कॉम्प्रेसर, हवाशीतक, पंख्याचे नियम, वेगनियंत्रण, ऊर्जाबचत.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष साहजिकच मोठ्या यंत्रांकडे जाते. वाफेचे इंजिन, विद्युत जनित्र, आगगाडी, तेलविहीर यांच्यावर विपुल लेखन झाले आहे. परंतु या मोठ्या यंत्रांच्या बाजूला उभी असलेली साहाय्यक यंत्रे इतिहासकारांच्या दृष्टीआड राहिली. पंखा हे असेच एक यंत्र होय. वायुसंपीडन केंद्रात तो कॉम्प्रेसरच्या शेजारी अखंड फिरत असतो. त्याला लागणारी शक्ती मुख्य इंजिनाच्या शक्तीच्या काही टक्केच असते. म्हणून त्याचा हिशेब वेगळा मांडण्याची गरज बराच काळ कोणाला भासली नाही.

तथापि वर्षातील सारे दिवस आणि दिवसातील सारे तास फिरणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ‘काही टक्के’ ही रक्कम लहान राहत नाही. शिवाय पंख्याचा वेग हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. वायू गरजेपेक्षा कमी थंड झाला तर पुढच्या टप्प्यातील यंत्रावर ताण येतो आणि गरजेपेक्षा अधिक थंड झाला तर वाहिनी तुंबण्याचा धोका निर्माण होतो. या दोन मर्यादांच्या मध्ये तापमान राखण्यासाठी मानवाने कोणकोणते उपाय योजले व ते कोणत्या क्रमाने आले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत. पहिले, या उपायांचा कालानुक्रम स्पष्ट करणे. दुसरे, ज्ञान आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यांमधील दीर्घ अंतराची कारणे शोधणे. विवेचन मुख्यत्वे अमेरिकेतील नैसर्गिक वायू उद्योगापुरते मर्यादित आहे, कारण या यंत्रणेची जडणघडण प्रामुख्याने तेथे झाली. अखेरीस भारतीय संदर्भाचा थोडक्यात विचार केला आहे.

२. संपीडन, उष्णता आणि पाणी

वायू दाबला असता तापतो, हा अनुभव सायकलच्या चाकात हवा भरणाऱ्या प्रत्येकाला असतो. नैसर्गिक वायू २७ अंश सेल्सियस तापमानावर घेऊन एकाच टप्प्यात तिप्पट दाबाला नेला, तर त्याचे तापमान सैद्धांतिक गणिताने सुमारे १०५ अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात यंत्रातील तोट्यांमुळे ते आणखी वाढते. म्हणून अधिक दाब हवा असेल तर संपीडन टप्प्याटप्प्याने करतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर वायू थंड करतात. थंड वायूचे आकारमान कमी असते. त्यामुळे पुढील टप्प्यात तो दाबण्यास कमी शक्ती लागते. या दृष्टीने शीतकरण हे संपीडनाचेच अविभाज्य अंग आहे.

एकोणिसाव्या शतकात ही उष्णता काढून घेण्याचे काम पाण्याकडे होते. फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या माँ सेनी बोगद्याच्या कामात (१८५७–१८७१) जेर्मां सोमेये यांनी दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रक यंत्रे वापरली. त्यांच्या आरंभीच्या संपीडकांत पाण्याच्या स्तंभानेच हवा दाबली जाई आणि निर्माण होणारी उष्णता बऱ्याच अंशी ते पाणीच शोषून घेई. पुढे लोखंडी सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. जेथे नदी अथवा मोठी विहीर जवळ होती, तेथे ही व्यवस्था उत्तम चालली.

विसाव्या शतकात नैसर्गिक वायूचा व्यापार वाढला तेव्हा परिस्थिती बदलली. १९३१ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाकडील वायुक्षेत्रातून शिकागोपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर लांबीची वाहिनी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात तेलवहनासाठी बांधलेल्या ‘बिग इंच’ व ‘लिटल बिग इंच’ या दोन वाहिन्या १९४७ मध्ये टेक्सास ईस्टर्न कंपनीकडे गेल्या आणि त्यांतून वायू वाहू लागला. घर्षणामुळे वाहिनीतील दाब घटत जातो. म्हणून ठरावीक अंतरावर संपीडन केंद्रे उभारावी लागली. केंद्राची जागा वाहिनीच्या गणितावरून ठरे, पाण्याच्या सोयीवरून नव्हे. पश्चिम टेक्साससारख्या कोरड्या प्रदेशात पाणी दुर्मीळ होते आणि जे होते ते क्षारयुक्त असल्याने नळ्यांत थर साचत. अशा ठिकाणी हवेने थंड करण्याचा मार्ग क्रमप्राप्त ठरला.

३. हवाशीतक आणि पट्ट्याने बांधलेला पंखा

हवाशीतकाची रचना साधी आहे. तापलेला वायू धातूच्या अनेक नळ्यांतून जातो. नळ्यांवर पातळ पंखपट्ट्या बसवून त्यांचे पृष्ठफळ वाढवलेले असते आणि मोठा पंखा त्यांवरून हवा लोटतो किंवा ओढतो. मोटारगाडीतील रेडिएटरचे हे विराट रूप होय.

इंजिन व कॉम्प्रेसर एकाच सांगाड्यात असलेली जुनी संथ यंत्रे कायमस्वरूपी इमारतीत बसवली जात. १९६० च्या दशकापासून लहान, वेगवान आणि लोखंडी चौकटीवर एकत्र बसवून हलवता येण्याजोग्या संपीडन संचांचा प्रसार होऊ लागला. अशा संचांसाठी वेगवान कॉम्प्रेसर बनवणारी एरियल कंपनी १९६६ मध्ये ओहायो राज्यात माउंट व्हर्नन येथे सुरू झाली. या संचांत इंजिन, कॉम्प्रेसर आणि शीतक ही तिन्ही अंगे एकाच चौकटीवर येत.

वायुक्षेत्रातील अशा अनेक ठिकाणी वीज पोहोचलेली नव्हती. इंजिन वाहिनीतील वायूवरच चाले. म्हणून पंखाही त्याच इंजिनाच्या दंडावरून पट्ट्याने फिरवण्याची सोपी युक्ती रूढ झाली. जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये प्रचारात आणलेला व्ही आकाराचा पट्टा या कामी उपयुक्त ठरला. ही व्यवस्था स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपी होती. परंतु तिच्यात एक मूलभूत अडचण होती. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाशी कायमचा बांधला गेला. इंजिनाचा वेग वायूच्या मागणीवर ठरे आणि पंख्याची गरज हवामानावर ठरे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. जानेवारीच्या रात्री पूर्ण भाराने वायू दाबणारे इंजिन पंखाही पूर्ण वेगाने फिरवीत असे, मग बाहेर बर्फ का पडत असेना.

यात आणखी एक गुंतागुंत होती. एकच पंखा अनेक विभागांना हवा पुरवी : इंजिनाचे पाणी, वंगणतेल, संपीडनाच्या टप्प्यांमधील वायू आणि अखेरचा वायू. प्रत्येक विभागाची गरज वेगळी असल्याने पंख्याचा वेग नेमका कोणासाठी ठरवायचा, हा प्रश्न होताच. सर्वांत गरजू विभागाप्रमाणे वेग ठेवावा आणि इतर विभागांची हवा झडपांनी रोखावी, अशी तडजोड यातून निघाली.

४. अतिशीतकरणाचा धोका

गरजेपेक्षा अधिक थंड करण्याने काय बिघडते, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर १९३४ मध्ये मिळाले. हिवाळ्यात वायुवाहिन्या अचानक तुंबत आणि आत पाणी गोठल्याने असे होते अशी समजूत होती. ई. जी. हॅमरश्मिट यांनी दाखवून दिले की, हे अडथळे साध्या बर्फाचे नसून पाणी व वायू यांच्या संयोगाने बनलेल्या स्फटिकांचे, म्हणजे हायड्रेटचे असतात. असे स्फटिक बनू शकतात हे हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन वायूच्या संदर्भात १८११ मध्येच सांगितले होते. मात्र सव्वाशे वर्षे ते प्रयोगशाळेतील कुतूहलच राहिले. उच्च दाबाखाली हायड्रेट पाण्याच्या गोठणबिंदूपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानालाही तयार होते. त्यामुळे थंड रात्री पूर्ण वेगाने फिरणारा पंखा शक्ती तर वाया घालवीच, शिवाय वाहिनी धोक्यात आणी. या शोधानंतर वायूच्या तापमानाला वरच्या मर्यादेइतकीच खालची मर्यादाही महत्त्वाची ठरली.

५. वेग आणि शक्ती : घननियम

पंख्याच्या वर्तनाचे तीन नियम आहेत. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. युरोपातील कोळसा खाणींत वायुवीजनासाठी मोठे पंखे बसवले गेले तेव्हा त्यांच्या अभ्यासातून हे संबंध अभियंत्यांच्या परिचयाचे झाले. १८७० च्या दशकात फ्रेंच खाण अभियंता दानिएल म्युर्ग यांनी या विषयाची पद्धतशीर मांडणी केली.

घननियमाचे परिणाम विस्मयकारक आहेत. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती ५१ टक्के लागते. वेग निम्मा केला तर केवळ १२.५ टक्के. समजा, एका शीतकाला दोन समान पंखे आहेत आणि थंडीमुळे निम्मीच हवा पुरेशी आहे. एक पंखा बंद करून दुसरा पूर्ण वेगाने चालवला, तर एका पंख्याची पूर्ण शक्ती लागते. दोन्ही पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर तितकीच हवा एक चतुर्थांश शक्तीत मिळते. शिवाय ती सर्व नळ्यांवर सारखी पसरते. वेग कमी झाल्याने आवाजही लक्षणीय घटतो. नियंत्रक यंत्रणेतील तोटे वजा जाता प्रत्यक्ष बचत काहीशी कमी भरते. पण दिशा बदलत नाही.

शीतक नेहमी वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांचा विचार करून बांधतात. म्हणजे वर्षातील बहुतेक काळ पंख्याची क्षमता गरजेपेक्षा अधिक असते. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की वेगनियंत्रणाचे महत्त्व सहज ध्यानी येते. मग ते इतक्या उशिरा का आले?

६. वेग स्थिर असताना योजलेले उपाय

वेग बदलता येत नव्हता, तेव्हा अभियंत्यांनी वेग तसाच ठेवून हवा कमी करण्याचे मार्ग शोधले. पहिला मार्ग झडपांचा. शीतकावर खिडकीच्या तावदानांसारख्या झडपा बसवून त्या कमी-अधिक उघडायच्या. आरंभी त्या हाताने आणि पुढे तापमान मोजणाऱ्या यंत्रणेने हलवल्या जाऊ लागल्या. यात तापमान साधते, पण शक्तीची बचत फारशी होत नाही. पंखा पूर्ण वेगाने फिरतच असतो आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावत असतो.

दुसरा मार्ग पात्यांच्या कोनाचा. हाताने पात्यांचा कोन बदलणे म्हणजे पंखा थांबवून नटबोल्ट सैल करणे. हे ऋतूनुसार एकदोनदाच शक्य होते. त्यानंतर चालत्या पंख्यात दाबलेल्या हवेच्या संकेताने कोन बदलणारी यंत्रणा आली. यात वेग कायम राहूनही शक्ती बरीच वाचते. परंतु फिरत्या तुंब्यात पडदा, स्प्रिंग व सांधे असल्याने तिची देखभाल जिकिरीची असे.

तिसरा मार्ग द्रवजोडाचा. जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या या साधनात दोन चक्रांमधील तेलाच्या माध्यमातून गती पुढे जाते. तेलाचे प्रमाण बदलून वेग बदलता येतो. औष्णिक वीजकेंद्रांतील मोठ्या पंख्यांसाठी हा उपाय पुढे रूढ झाला. मात्र वेग कमी केल्यावर घसरणीमुळे काही शक्ती तेलातच उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

७. स्थिर वेगाचे शतक आणि विद्युत उपाय

यंत्रयुगाचा आरंभीचा प्रयत्न वेग बदलण्याचा नव्हता, तो स्थिर राखण्याचा होता. जेम्स वॅट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या गव्हर्नरचे कार्य हेच होते. गिरणीतील यंत्रांना समान वेग हवा असे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये गव्हर्नरवर लिहिलेला प्रसिद्ध निबंधही वेगाच्या स्थैर्याची मीमांसा करतो.

विजेच्या युगात ही स्थिरता अधिकच पक्की झाली. निकोला टेस्ला यांची १८८८ मधील पेटंटे आणि त्यापाठोपाठ मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांची तीन फेजची मोटर यांमुळे इंडक्शन मोटर उद्योगात सर्वत्र पसरली. ती स्वस्त व टिकाऊ होती, पण तिचा वेग पुरवठ्याच्या वारंवारतेने बांधलेला असे. ५० हर्ट्झवर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित खालीच फिरणार. ध्रुवांची संख्या बदलून दोन वेग देणारी डालँडर यांची जोडणी १८९७ पासून उपलब्ध होती. तीतून दोन पायऱ्या मिळत, सलग बदल नव्हे. वॉर्ड लेनर्ड यांच्या १८९१ च्या पद्धतीने वेग सलग बदलता येई, परंतु एका मोटरसाठी आणखी दोन यंत्रे लागत. उद्वाहन किंवा पोलाद गिरणीला हा खर्च परवडे. पंख्यासाठी तो कोणी करणार नव्हते.

कोंडी फुटली ती अर्धवाहकांमुळे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ मध्ये थायरिस्टर तयार झाला. १९६४ मध्ये ब्राउन बोव्हेरीच्या अभियंत्यांनी स्पंदांची रुंदी बदलून हव्या त्या वारंवारतेची वीज निर्माण करण्याची पद्धत मांडली. १९६८ मध्ये डॅनफॉस या डॅनिश कंपनीने वारंवारता परिवर्तकाचे घाऊक उत्पादन सुरू केले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिकमध्ये कार्यरत असलेले, आयआयटी मद्रासचे पदवीधर बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी या साधनाच्या विकासात मोलाची भूमिका बजावली. त्यानंतर परिवर्तक लहान, स्वस्त व विश्वासार्ह होत गेले आणि पंख्यासारख्या दुय्यम यंत्रालाही ते परवडू लागले.

तथापि नव्या साधनाने नवे प्रश्नही आणले. परिवर्तकामुळे मोटरच्या बेअरिंगमधून अनिष्ट विद्युतप्रवाह वाहू शकतो. पुरवठ्यात विकृती येते. ज्वालाग्राही वायूच्या परिसरात मोटर व परिवर्तक यांची जोडी सुरक्षित असल्याची खात्री करावी लागते. शिवाय काही ठरावीक वेगांवर पाती अथवा चौकट तीव्र कंप पावते. हे वेग वगळून पुढे जाण्याची आज्ञा नियंत्रकाला द्यावी लागते. जेथे वीजच नाही, तेथे पट्ट्याचा पंखा आणि झडपा आजही व्यवहार्य उपाय आहेत. म्हणून जुने तंत्र टाकाऊ व नवे ते श्रेष्ठ, अशी सरळ मांडणी या इतिहासाला लागू पडत नाही.

८. किमतीचा प्रश्न

साधनांच्या अभावाने विलंबाचे अर्धेच स्पष्टीकरण मिळते. उरलेले अर्धे किमतीत आहे. संपीडन केंद्रातील इंजिन वाहिनीतलाच वायू जाळत असल्याने इंधन बाहेरून विकत आणावे लागत नव्हते आणि पंख्याने खाल्लेला वायू वेगळा दिसून येत नव्हता. त्यातच १९५४ च्या फिलिप्स खटल्यातील निर्णयानंतर अमेरिकेत विहिरीवरील वायूचे दर संघीय नियंत्रणाखाली आले आणि दीर्घकाळ कमी राहिले. जे इंधन स्वस्त, ते वाचवण्यासाठी महाग यंत्र कोण घेणार?

१९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी हा हिशेब बदलला. १९७८ च्या नैसर्गिक वायू धोरण कायद्याने दरनियंत्रण टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागले. अर्धवाहकांचे परिवर्तक व्यापारी प्रमाणात उपलब्ध होणे आणि इंधन महागणे या दोन घटना एकाच सुमारास घडल्या. घननियम जुनाच होता. मात्र आता त्याला बाजारभावाचे पाठबळ मिळाले. ज्ञान, साधन आणि किंमत या तिन्हींचा योग जुळून आल्यावरच पंख्याचा वेग स्वतंत्र झाला, असे अनुमान यावरून करता येते.

९. भारतीय संदर्भ

१९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेलाचा शोध लागला आणि पश्चिम किनाऱ्यावर वायूचा उद्योग उभा राहिला. १९८४ मध्ये गॅस अथॉरिटी ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनी हे तिचे पहिले मोठे कार्य ठरले. मध्य भारतात उन्हाळ्यातील दुपार ४५ अंशांच्या घरात जाते आणि हिवाळ्यातील रात्र १० अंशांखाली उतरते. अशा प्रदेशात कमाल तापमानासाठी बांधलेल्या शीतकाची क्षमता वर्षाचा मोठा भाग अतिरिक्तच राहते.

शहरांत हा विषय अधिक जवळ आला तो सीएनजीमुळे. मुंबईत १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनीची स्थापना झाली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाने सार्वजनिक वाहने या इंधनाकडे वळली. वाहनात वायू सुमारे २०० बार दाबाने भरतात. त्यासाठी अनेक टप्प्यांचे संपीडन व प्रत्येक टप्प्यानंतर शीतकरण आवश्यक असते. पुण्यात १९५८ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी या क्षेत्रातील कॉम्प्रेसर बनवते. रिक्षांच्या रांगेत ऐकू येणारी घरघर काही अंशी याच शीतक पंख्यांची असते आणि वस्तीलगतच्या केंद्रात रात्रीचा आवाज कमी करणे हाही वेगनियंत्रणाचा एक लाभ ठरतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने आणि २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांत ऊर्जा परीक्षणाची चौकट निर्माण केली. अशा परीक्षणात पंखे व पंप यांची स्वतंत्र नोंद होते. अमेरिकेत जो हिशेब तेलसंकटाने मांडायला लावला, तो येथे कायद्याच्या मार्गाने पुढे आला.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पाण्याची टंचाई हे संपीडन केंद्रांत हवाशीतक येण्याचे एक प्रमुख कारण होते. शीतकरणाच्या पद्धतीचा इतिहास त्यामुळे त्या प्रदेशाच्या भूगोलाशी निगडित आहे.

२. पंख्याचा घननियम माहीत असूनही सुमारे शंभर वर्षे त्याचा पुरेसा वापर झाला नाही. स्थिर वेगाची मोटर, इंजिनाला बांधलेला पट्टा आणि स्वस्त वायू ही त्याची कारणे होत.

३. झडपा, फिरती पाती, द्रवजोड आणि वारंवारता परिवर्तक हे उपाय एकामागून एक आले, तरी नव्याने जुन्याला पूर्णतः हटवले नाही. स्थळ, वीजपुरवठा व देखभालीची सोय यांनुसार ते आजही शेजारी नांदतात.

४. साहाय्यक यंत्रांचा खर्च मुख्य यंत्राच्या हिशेबात लपतो. तो वेगळा मांडला जाईपर्यंत सुधारणेची प्रेरणा निर्माण होत नाही.

यांतील शेवटचा मुद्दा इतिहासाच्या अध्यापकांनाही विचार करायला लावणारा आहे. अभ्यासक्रमात आपण शोधांची वर्षे शिकवतो आणि शोध लागला की तो वापरात आला, असे नकळत सूचित करतो. पंख्याचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. शोध आणि वापर यांच्यामधील शंभर वर्षांत वाया गेलेले इंधन कोणत्याही स्मारकावर नोंदलेले नाही. परंतु ऊर्जाटंचाईच्या आजच्या काळात त्या मधल्या वर्षांचा अभ्यास शोधाच्या वर्षाइतकाच अगत्याचा आहे.